‘समाधान मानणे’ म्हणजे मन मारणे का?

आईच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिलेल्या लेखात एका लेकीने ‘आईने लहानसहान गोष्टींत समाधान मानले’ असे वाक्य लिहिले आणि त्यावर तिच्या भावाने हरकत घेतली. आईने आयुष्यभर मन मारले, असा अर्थ त्यातून निघतो, असे त्याचे म्हणणे. लेकीला अभिप्रेत होते ते अगदी उलटे. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावणे, नातवाला मांडीवर घेऊन गोष्टीचे पुस्तक वाचून दाखवणे, निजण्यापूर्वी पोथीतल्या ओळीवर बोट ठेवून चार ओव्या वाचणे, यांत आई खरोखरच रमते. मग शब्द चुकला का, असे तिने विचारले आहे.

शब्द चुकलेला नाही, असे मला वाटते. पण भावाच्या कानाला जे खटकले तेही खोटे नाही. खटकण्याचे कारण ‘समाधान’ या नामात नसून त्याला लागून येणाऱ्या प्रत्ययांत आणि क्रियापदांत आहे.

मूळ संस्कृत शब्द ‘सम् + आ + धा’ म्हणजे नीट, एकत्र ठेवणे यावरून आला. ‘समाधी’ही त्याच धातूची. वेदान्तात शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान ही षट्संपत्ती सांगतात, तिथे समाधान म्हणजे चित्ताची एकाग्रता. ‘शंकासमाधान’ या शब्दात निरसनाचा अर्थ आहे आणि हिंदीत आज तोच प्रमुख आहे. मराठीने मात्र या शब्दाला स्वयंपाकघरापर्यंत आणले. गरम वरणभातावर तुपाची धार पडली, दोन घास पोटात गेले की आपण ‘समाधान झाले’ म्हणतो. त्या वेळी काही कमी पडले, असे कुणाच्या मनातही येत नाही.

आता प्रत्यय पाहा. ‘कशाने समाधान झाले’ यात कारण आहे, ‘कशात समाधान आहे’ यात ते राहते ती जागा आहे आणि ‘कशावर समाधान मानले’ यात मात्र थांबावे लागल्याचे ठिकाण आहे. ‘रौप्यपदकावर समाधान मानावे लागले’ असे क्रीडावृत्तात आपण इतक्यांदा वाचतो की त्यातली ‘-वर’ आणि ‘लागले’ यांची सक्ती हळूहळू ‘समाधान मानणे’ या सबंध प्रयोगाला चिकटली आहे. भावाच्या कानात तीच घुमली असणार. लेकीने तर ‘गोष्टींत’ लिहिले आहे, ‘गोष्टींवर’ नव्हे, आणि हा फरक मला मोलाचा वाटतो.

राहिले ‘मानणे’. हे क्रियापद नुसत्या तडजोडीचे असते तर आपण आभार मानले नसते, एखाद्याला भाऊ मानले नसते आणि देवालाही मानले नसते. मनाने दिलेला मनापासूनचा होकार म्हणजे मानणे. जी बाई देव मानते, तिने समाधान मानले तर त्यात तिची श्रद्धाच बोलते, असे मी म्हणेन. तडजोड शिरते ती ‘मानून घेणे’ यात.

तुकोबांचा ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे । चित्ती असो द्यावे समाधान ॥’ हा अभंग अनेकांना हात बांधून बसण्याचा उपदेश वाटतो. पुढचे चरण ‘वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ’ असे आहे. समाधानासमोर तुकोबांनी इथे उद्वेग ठेवला आहे, प्रयत्न किंवा इच्छा नव्हे. उद्वेगाच्या मुळाशी थरथरण्याचा, बिथरण्याचा अर्थ आहे आणि तो ‘वाहायचा’ म्हणजे ओझ्यासारखा. त्याच्या शेजारी ‘समाधान’ आले की ‘नीट ठेवलेले’ हा त्याचा जुना अर्थ पुन्हा दिसू लागतो.

म्हणून लेकीने वाक्य बदललेच पाहिजे असे नाही. आईच्या वाट्याला ओढगस्तीचे दिवस आले असतील आणि त्यांतही तिने मन प्रसन्न ठेवले असेल, तर ‘समाधान मानले’ हेच योग्य, कारण त्यात तिचे कर्तृत्व दिसते. केवळ तिचा रोजचा आनंद सांगायचा असेल तर मात्र ‘आईला लहानसहान गोष्टींत समाधान मिळते’ असे लिहावे. क्रियापद वर्तमानकाळी ठेवावे. बाई अजून रोज पोथी वाचते आहे.