फोन वाजायच्या आधीच सुरू कर

पोरी,
परवा शाहू स्मारकला तुझी एकांकिका बघितली. मागंच बसलो होतो, मुद्दाम भेटलो नाही, तुझ्या डोक्यात निकालाचं टेन्शन होतं, तेव्हा काय ऐकणार तू.

पोराच्या अपघाताचा फोन येतो आणि तू दिव्यांनी सगळं स्टेज फाडकन लाल केलंस. अगं, त्या बाईचा चेहराच गेला की त्यात! एवढा जीव ओतून करत होती ती, ओठ हलले का नाही ते पण मला दिसलं नाही. वाईट झालंय हे आम्हाला तिच्या आवाजावरनं कळलेलंच होतं, वर आणि लाल शाई कशाला?

मी असतो तर ती भाकरी थापायला बसते तिथनंच मागच्या भिंतीवरचा अंबर, म्हणजे तो पिवळा-नारिंगी उजेड, उतरवायला घेतला असता, चांगली दोन-तीन मिनिटं लावून, शेजारी बसलेल्याला पण पत्ता लागू नये असा, मग बाजूचे दिवे, आणि ती फोन ठेवते तेव्हा वरनं तिरका एक स्पॉट तेवढा तिच्यावर उरलेला. घर एकदम मोठं आणि रिकामं वाटायला लागतं, कुणी काय केलं ते कळत नाही. डोळा अंधाराला सरावत जातो गं, सावकाश बदल त्याला सापडत नाही, झटका मात्र लगेच सापडतो.

किरणोत्सवाला गेलीयस ना? मावळतीचं ऊन ३१ जानेवारीला अंबाबाईच्या पायाशी, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, २ फेब्रुवारीला तोंडावर, आणि सगळं देऊळ त्या काही मिनिटांसाठी श्वास धरून उभं. सूर्य तोच, रंकाळ्यावर भेळ खाताना आपण त्याच्याकडं बघत पण नाही. प्रकाशयोजना करणाऱ्या तापस सेनांनी १९५९ ला कलकत्त्यात 'अंगार' नाटकामध्ये खाणीत पाणी भरतंय ते दिव्यांनीच दाखवलं, तिथंपण जीव टांगणीला लागतो तो पाणी चढत जातं म्हणून.

आता एक मशीनची गोष्ट. हॅलोजनचा पार, म्हणजे तो डब्यासारखा स्टेजचा दिवा, मंद करत आणलास की आपोआप तांबूस होतो, विझत आलेल्या चुलीसारखा, तो रंग फुकटात मिळतो. एलईडी तसला नाही, रंग तोच ठेवतो आणि स्वस्तातला असेल तर शेवटच्या थोड्यात ढपकन मरतो. माझा एकदा असाच मेला, नाटकातल्या बाईंचं शेवटचं वाक्य अंधारात गेलं आणि लोकांनी मध्येच टाळ्या वाजवल्या. बाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासनं दुसऱ्याच्या हॉलमध्ये गेलो की आधी शेवटचा फेड, म्हणजे उजेड पार विझेपर्यंत उतरवणं, हातानं खाली आणून बघतो, बाकीचं सगळं नंतर.

रविवारी घरी ये. दोन पार आणि जुना डिमर आहे. आईला घेऊन ये, तिला खुर्चीत बसवून नुसते शेंगा सोलायला सांगू आणि तिच्यावरचा उजेड तीन मिनिटांत उतरवून बघू, घड्याळ लावून. डिमरचं एक चॅनल मधनंच जातं, तेवढं चालवून घे.