साडूचा मुलगा आणि तुमची सही

ताई, मी जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या कंपनीत क्वालिटीला आहे. दिवाळीत पाच वर्षं होतील. मॅनेजरसाहेबांच्या साडूचा मुलगा माझ्यानंतर लागला. काम मीच शिकवलं, आता तो माझा सीनियर. रविवारच्या नाइट मात्र मलाच. परवा एका लॉटची जाडी कमी भरली, मी होल्ड केला. साहेब म्हणाले, ‘सीझन आहे, सही करून टाक.’ मी अजून केली नाही. बायको म्हणते, सोडा ती नोकरी. मुलगी पहिलीत आहे. काय करू?

– एक वाचक, जळगाव

भाऊ, पत्र वाचून संताप आला. शिकवायचं तुम्ही आणि खुर्ची दुसऱ्याला, हे गिळणं सोपं नाही. पण तुम्ही दोन ओळींत उरकलेली सहीची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते.

हुकलेली बढती पुढेमागे मिळेल, इथे नाहीतर दुसरीकडे. पण उद्या चोपड्याकडच्या एखाद्या शेतकऱ्यानं उसनवारी करून तो पाइप गाडला, मे महिन्यात बागायती कपाशी लावली आणि ऐन उन्हात लाइन फुटली, तर? तक्रार येईल, बॅच नंबरावरून रिपोर्ट निघेल, त्याखाली तुमचं नाव असेल. साहेबांचं तोंडी सांगणं कुठेच लिहिलेलं नसेल. सही करू नका. व्हर्नियरवर आलेलं माप, बॅच नंबर, तारीख आणि ‘आयएस ४९८५ प्रमाणे जाडी कमी, लॉट होल्ड’ एवढाच मेल साहेबांना आजच करा (आयएस ४९८५ म्हणजे पीव्हीसी पाइपचं भारतीय मानक). भांडणाचा सूर नको. लॉट सोडायचाच असेल तर त्यांनी स्वतःच्या सहीनं सोडावा.

आता पक्षपाताचं. एचआरकडे जाल तेव्हा नात्याचा शब्द काढू नका. आपल्याकडे एचआरचा माणूसही कुणाचा तरी पाहुणा निघतो! साडूचा विषय निघाला की तुम्ही जळता असं ठरतं, आणि काम बाजूला राहतं. त्यापेक्षा सहा महिन्यांचे शिफ्टचार्ट काढा, रविवारची नाइट कुणाला किती वेळा लागली ते एका कागदावर मांडा आणि तो पुढे ठेवा. बढती कशावर ठरली आणि पुढच्या वेळी माझ्यात काय बघणार, हेही लेखी विचारा. त्या मुलाशी मात्र वाकडं घेऊ नका, त्याला तिथे बसवलं साहेबांनी.

सोडायचं म्हणता, तर वहिनींचं चूक नाही. साहेबांचं वागणं बदलेल असं मलाही वाटत नाही. पण राजीनामा दिवाळीनंतरच. सलग पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० धरले, तर त्याला १५ नं गुणून २६ नं भागायचं आणि पुन्हा ५ नं गुणायचं: साधारण ५१,९०० रुपये होतात. ते रागापायी का सोडायचे? पीएफही काढून घेऊ नका, नव्या कंपनीत त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरावर, वळवा.

तोवर बायोडेटा फिरवायला लागा. जळगावात जमलं तर उत्तमच. नाशिक किंवा संभाजीनगरला मिळालं, तर मुलीची शाळा वर्षाच्या मधेच मोडायची की उन्हाळ्यापर्यंत तुम्ही एकट्यानं खोली घेऊन राहायचं, ते वहिनींशी आत्ताच बोलून घ्या.

– ताई