आधी चित्राची रुंदी लेखी मागा, मग पैसे भरा

फिल्म क्लबसाठी ‘डेथ राइड्स अ हॉर्स’ (१९६७) मागवलात, दोघं समोरासमोर बोलताना एकाचं नुसतं नाक दिसतं, आणि वितरक म्हणतो, "जुना स्वस्तातला इटालियन सिनेमा, तो असाच आहे." तुमचं हे वाचलं आणि राहवलं नाही. आम्हालाही अगदी हेच उत्तर मिळालं होतं. ते धादांत खोटं आहे.

सिनेमा कमी पैशांतला, हे खरं. पण स्वस्तात रुंद पडदा मिळावा म्हणूनच ही मंडळी टेक्निस्कोप वापरायची. ३५ मिमी फिल्मवर एका चित्राला एरवी फिल्मच्या कडेच्या चार छिद्रांएवढी उंची लागते, इथे दोनच. निम्म्या निगेटिव्हमध्ये काम भागायचं, मग लॅबमध्ये चित्र मोठं करून नेहमीच्या स्कोप, म्हणजे रुंद पडद्याच्या, प्रिंटवर उतरवायचं. भिंगं साधी, त्यामुळे कॅमेरा चेहऱ्याच्या पार जवळ नेता यायचा आणि मागे लांब उभा असलेला माणूसही बऱ्यापैकी स्पष्ट राहायचा. या सिनेमांचा चेहरामोहरा त्या काटकसरीतून घडलाय. टीव्हीसाठी उंचीच्या २.३५ पट रुंद असलेलं हे चित्र चौकोनी केलं की चाळीस टक्क्यांहून जास्त भाग छाटला जातो.

त्यात ही गोष्ट खुणांची. लहानग्या बिलच्या डोळ्यांदेखत घरच्यांची हत्या होते. मारेकऱ्यांची नावं त्याला माहीत नाहीत. लक्षात राहतं ते छातीवरचं चार एक्क्यांचं गोंदण, कानातली बाळी, चेहऱ्यावरचा वण, गळ्यातली कवटी. मोठेपणी त्यातली एखादी खूण समोर आली की पडदा लाल होतो आणि ती रात्र परत उभी राहते. आपणही त्याच्यासारखे प्रत्येक नव्या माणसाला न्याहाळू लागतो. अशा सिनेमाच्या कडा कापायच्या म्हणजे सूडाची अर्धी गंमत घालवायची.

आमच्या वेळी वितरकाच्या कार्यालयाने पैसे आधी घेतले. फोनवर "हो हो, स्कोपच आहे" म्हणाले, प्रत मात्र छाटलेली निघाली. तक्रार केली तर प्रोजेक्टर तपासा म्हणाले. मग तंत्रज्ञ रजेवर. मग हा विभाग आमचा नाही. शेवटी "कराराच्या कागदावर रुंदीचा उल्लेख कुठे आहे?" एवढं विचारून त्यांनी हात वर केले. सभासदांची वर्गणी होती ती! अजून डोकं तापतं.

म्हणून माझं ठाम मत: चित्राचं प्रमाण कागदावर आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. दोन माणसं एकत्र असलेल्या प्रसंगाचा मिनिटभराचा तुकडा आधी मागवा. श्रेयनामावली पाहून भुलू नका, ती पुष्कळदा पूर्ण रुंदीत ठेवून पुढचं छाटलेलं असतं. मी वकील नाही, तुमच्या करारात काय आहे तेही पाहिलेलं नाही, तेव्हा परताव्याबद्दल जाणकाराला विचारा. नेटवर ‘हक्कमुक्त’ म्हणून फिरणारी प्रत मात्र लावू नका. आपल्याकडे सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं चालतो.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत, याची तक्रार सोडून द्या. तो प्रतीचा दोष नाही. हे सिनेमे जवळपास मुकेच चित्रित व्हायचे, आवाज नंतर भरायचे. ‘मूळ इटालियनच हवं’ असा हट्टही नको. यातला नट ली व्हॅन क्लीफ याचा स्वतःचा आवाज इंग्रजीत आहे. लांबी ११४ मिनिटांऐवजी १०९ च्या आसपास भरली तर लगेच काटछाट समजू नका, पॅल (युरोप-भारतातली टीव्ही पद्धत) डिस्कवर सिनेमा थोडा वेगाने पळतो.

आणि नवी प्रत आली की हॉलच्या प्रोजेक्टरमधलं ‘झूम’ बंद आहे ना, ते आदल्या दिवशीच पाहून घ्या. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या की ऑपरेटर हमखास ते चालू करतात.