सुचेनासं झालं तेव्हा कसुती

"मॅडम, डोक्यात नवीन काही येतच नाही बघा. सगळी पाकिटं एकसारखी व्हायला लागलीत. आणि तासभर दुसरं काही करायला घेतलं तर वाटतं, गिऱ्हाईक खोळंबलंय."

हे सांगणारी टिळकवाडीतली तिशीची डिझायनर (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) बेळगावातल्या मिठाईवाल्यांचे खोके आणि लेबलं करते. छंदाला वेळ दिला की अपराधी वाटतं, ही तक्रार आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या डिझायनरांकडून फार ऐकू येते.

पहिल्या भेटीत आम्ही छंदाचं नावही काढलं नाही. झोप, भूक, माणसांत बसावंसं वाटणं, हे आधी विचारलं. यातलं दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल तर विणकाम-भरतकामावर भागत नाही. मानसोपचारतज्ज्ञ गाठावा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोलावं. तिचं ते ठीक होतं. ती एकाच रानात चरत होती, एवढंच: प्रत्येक कामाची सुरुवात फोनवर दुसऱ्यांची डिझाइनं बघून.

शहापूरची आजी इरकल साडीवर कसुती, म्हणजे उत्तर कर्नाटकातलं धागे मोजून करायचं भरतकाम, भरायची, ही आठवण तिनंच काढली. मग ठरलं ते असं. आठवड्यातून दोनदा, दुपारच्या उजेडात, चाळीस मिनिटं. इरकल लगेच नाही, आधी मॅटीचं कापड, कारण त्याची घरं डोळ्यांनी मोजता येतात. सहा पदरी दोऱ्यातले दोन पदर, बोथट सुई, आणि गवंती हा एकच टाका.

गवंतीत जाताना एक घर भरायचं, एक सोडायचं. परतताना सोडलेली घरं भरायची. गाठ मारायची नाही, म्हणून सुलट आणि उलट बाजू सारखीच दिसते. छापा उमटवायचा नाही, सगळा हिशोब धाग्यांचा. चुकतं ते दोन ठिकाणी. मोजणीत एक धागा हुकला तर तिथे काहीच कळत नाही; नक्षीतल्या गोपुराचा कळस जुळेना की कळतं, आणि तिथपर्यंत उसवावं लागतं. दुसरं म्हणजे फांदी. मुख्य रेघेवरून जाताना बाजूची फांदी भरून, परत रेघेवर येऊनच पुढे जायचं. ते विसरलं की शेवटी दोरा भलत्याच ठिकाणी अडकतो. म्हणून सुई हातात घेण्याआधी आलेखाच्या कागदावर वाट आखायची.

तिसऱ्या आठवड्यात गाडी घसरली. तिनं फोटो टाकला, दोघींनी ब्लाउजवर भरून मागितलं, तिनं हो म्हटलं. पुढच्या भेटीत तोंड उतरलेलं! छंदाची ऑर्डर झाली की त्यालाही तारीख लागते आणि उसवायची मुभा जाते. त्या दोघींना नकार कळवून आठ आठवडे फोटो नाही, पैसे नाहीत, असं ठरवलं. हे पथ्य सगळ्यात जड जातं, नवऱ्याला आणि सासूलाही. "एवढं भरतेस तर विकत का नाहीस?" हा प्रश्न घरातूनच येतो.

मधल्या काळात तिनं कुंद्याच्या खोक्यावर कसुतीचा मोर बसवून पाहिला. आम्हाला तो फारसा रुचला नाही, तिलाही नाही. नक्षी उचलणं हा छंदाचा सगळ्यात स्वस्त वापर. खरी भर दुसरीकडून पडली. त्या खोक्यावर कन्नड, मराठी आणि इंग्रजी, तिन्ही लिप्या होत्या. एकच पॉइंट साइज दिली तरी त्या सारख्या उंचीच्या दिसत नाहीत. कन्नडचे ओत्तू, म्हणजे जोडाक्षरातली खाली लिहायची अक्षरं, ओळीखाली लोंबतात, मराठीच्या मात्रा शिरोरेघेवर चढतात. कन्नड वर आणि मराठी खाली असली की दोन्ही एकमेकांना भिडतात. आधी ती हे सगळं शेवटी, स्क्रीनवर इकडेतिकडे सरकवून निस्तरायची.

या वेळी तिनं आलेखवही काढली. ओत्तूला खाली किती घरं, मात्रेला वर किती, हे आधी मोजलं, मग अक्षरांची उंची ठरवली. मराठीचं मूळ अक्षर कन्नडच्या मूळ अक्षराएवढं दिसेल इतका पॉइंट बदलला. खोका उलगडून मागची बाजूही त्याच घरांवर बसवली. एरवी तिथे घटकपदार्थ आणि किंमत कशीबशी कोंबलेली असायची. मोर काढून टाकला.

आता ती मॅटीवरून इरकलीवर आली आहे. काळ्या कापडावर धागे दिसत नाहीत म्हणून मांडीवर पांढरा टॉवेल घेऊन बसते. रथाची पहिली नक्षी दोनदा उसवून झालीय.