गाणं वरच्या पट्टीत का जातं? जुन्या संगीतपटांविषयी प्रश्नोत्तरे

कॅसेट, व्हीसीडी आणि डीव्हीडीवरच्या जुन्या संगीतपटांबद्दल तेच ते गोंधळ पुन्हा पुन्हा विचारले जातात, म्हणून उत्तरे एकत्र देत आहे.

नव्या टीव्हीवर सगळे नट बुटके आणि रुंद दिसतात. डिस्क बिघडली का?

नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये १६:९ ऐवजी ४:३ ठेवा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते यायलाच हवेत.

१९३०च्या दशकातल्या बोलपटाच्या वेष्टनावर '५.१ सराउंड' छापले आहे. घ्यावी का?

त्या काळचा आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा. त्याचे सहा भाग करून वर कृत्रिम घुमारा चढवतात. निव्वळ विक्रीची युक्ती आहे ही. मेनूत मूळ मोनो असेल तरच घ्या.

डीव्हीडीवरची गाणी चढी वाटतात, पेटी जुळत नाही. दुकानदार म्हणतो, डिजिटल आवाज तीक्ष्णच असतो.

दुकानदाराचे विसरा. दोष वेगाचा आहे. बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडच्या टीव्हीची जुनी पाल (PAL) पद्धत २५ चौकटींची. पाल डिस्क करताना बहुधा फिल्म सरळ २५ने पळवतात. मग १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटांत संपतो, लय चढते आणि काळी एकचे गाणे पांढरी दोनच्या जरा अलीकडे अडकते. म्हणून पेटी कुठेच जुळत नाही. मारधाडीच्या चित्रपटात हे खपून जाईल. संगीतपटात गायकाचा गळाच बदलतो, आणि नवे शिकणारे तोच खरा समजून गिरवतात.

खात्री करायची तर सुरुवातीचे सेन्सॉर प्रमाणपत्र पाहा. त्यावर फिल्मची लांबी असेल, तर ती फुटांत घेऊन ९०ने भागा, मूळ मिनिटे मिळतील. ३५ मिमी फिल्म मिनिटाला तेवढीच धावते. डिस्क त्याहून चार टक्के आखूड आणि पट्टीही चढी, असे दोन्ही असेल तर निदान पक्के. नुसती आखूड असेल तर काटछाट झालेली असू शकते. ग्रामोफोनच्या जुन्या तव्याशी पट्टी ताडू नका, तव्यांचा वेगही नेमका नसे. एनटीएससी (अमेरिका-जपानकडच्या टीव्ही पद्धतीच्या) डिस्कमध्ये हा दोष सहसा नसतो.

उपाय : संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग ०.९६ ठेवा आणि ऑडिओ सेटिंगमधले टाइम-स्ट्रेचिंग बंद करा. ते चालू राहिले तर लय उतरते, पट्टी जागची हलत नाही. कायमची प्रत करण्याआधी मात्र ध्वनितंत्रज्ञाला ऐकवाच. काही डिस्कवर पट्टी आधीच सुधारलेली असते, तिथे हाच उपाय गाणे खाली ओढेल.

खरखर काढून घेतली, तर तंबोराच गेला!

सॉफ्टवेअर अखंड, न बदलणाऱ्या आवाजाला गोंगाट समजते, आणि तंबोऱ्याची आस तशीच असते. काम करणाऱ्याकडून मूळ फाइल लगेच परत मागा. ती पुसली गेली असेल तर त्या प्रतीत तंबोरा परत येणार नाही. खरखरीचा नमुना गाण्यातून घ्यायचा नसतो, जिथे नुसती खरखर आहे तिथून घ्यायचा, आणि तीही थोडी राहू द्यायची.

संगीत नाटकाच्या व्हीएचएस कॅसेटवर पांढरी बुरशी आहे. एकदा लावून पाहू का?

एकदाही नाही. बुरशी व्हीसीआरच्या हेडवर बसते, तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते, आणि चिकटलेली फीत फाटते. ही कॅसेट इतरांपासून वेगळी, कोरड्या जागी ठेवा आणि फीत साफ करून देणाऱ्या जाणकाराकडे याच आठवड्यात न्या. आणखी एक पावसाळा ती काढणार नाही.