जन्मापासून मृत्यूपर्यंत माणसाच्या आयुष्यात संघर्षाची भूमिका काय? संघर्षाशिवाय माणूस घडतच नाही, हे खरं आहे का?

माझ्या मते अर्धंच खरं आहे.

आधी ते खरं अर्धं. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत हवा नसते, द्रव भरलेला असतो. कळा सुरू झाल्या की बाळाच्या शरीरात ॲड्रेनालिनसारखी संप्रेरकं वाढतात आणि तो द्रव शोषला जायला मदत होते. कळा येण्याआधीच सिझेरियन झालेल्या बाळांना सुरुवातीला धाप लागण्याचं प्रमाण जास्त असतं, त्याचं हे एक कारण. (म्हणून सिझेरियन वाईट असं मुळीच नाही, कित्येक जीव त्यानेच वाचतात.)

मग चालणं. मानसशास्त्रज्ञ कॅरन ॲडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळेपणी खेळताना तासाला सरासरी १७ वेळा पडत होती. अशा एखाद्या पोराकडे नीट बघा. धपकन बसतं, इकडेतिकडे बघतं, दोन्ही हात टेकून ढुंगण वर करतं आणि परत निघतं. मोठ्यांपैकी कुणी 'अगं बाई!' केलं की मग भोकाड पसरतं. पण त्याला कंटाळा आला तर ते थांबू शकतं, कडेवर घ्यायला कुणीतरी असतं. हे फार महत्त्वाचं आहे.

कारण १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग (क्रूरच होते ते). काहीही केलं तरी विजेचे झटके थांबत नाहीत, हे अनुभवलेली बरीचशी कुत्री पुढे सुटायची वाट असूनही पडून राहिली. २०१६ मध्ये याच दोघांनी 'हतबलता अनुभवातून शिकली जाते' हे आपलं जुनं म्हणणं उलटवलं: हतबलता शिकावी लागत नाही, ती मूळचीच असते, शिकावं लागतं ते 'माझ्या हातात काहीतरी आहे' हे. त्यामुळे कर्जात पिचलेल्या माणसाला कुणी 'संघर्षाने घडशील' म्हणालं की माझं डोकं फिरतं. असं सांगणारे बहुधा स्वतः तरून गेलेले असतात. बुडालेल्यांना कोण विचारतो?

आणि मृत्यू. शेवटच्या दिवसांत भूक-तहान आपसूक कमी होते. धडपड चालते ती घरच्यांची, 'दोन घास तरी खा' म्हणून. गिळता येत नसताना भरवलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. अशा वेळी आजाऱ्याला 'लढ' म्हणणं मला पटत नाही. त्यापेक्षा वेदना आटोक्यात आहेत ना, हे डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारावं.