तुमचे प्रश्न: चादरीचं बिल एकाच ओळीत का येतंय?

प्रश्न: ताई, मी डिप्लोमा फर्स्ट इयरला आहे. घरचं चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे म्हणून सी या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रॅक्टिकलला बिल छापायचा प्रोग्राम घेतला. कोडमध्ये प्रत्येक प्रिंटएफ (छापायची आज्ञा) वेगळ्या ओळीवर लिहिलाय, मधे दोनदोन एंटर पण मारलेत, तरी आउटपुटला चादर ४५० टॉवेल १२० सगळं एकाला एक चिकटून येतंय. मैत्रीण म्हणली स्लॅश एन लाव, लावलं, तर स्क्रीनवर चक्क स्लॅश एन असंच छापून आलं! सोमवारी सबमिशन आहे. — एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर: अगं, मैत्रिणीने अर्धंच सांगितलं. प्रश्नचिन्हाच्या बटणावर असतो तो साधा स्लॅश, तो कामाचा नाही. आपल्याला हवा बॅकस्लॅश, बहुतेक कीबोर्डवर एंटरच्या वरच असतो, डावीकडे झुकलेला. पहिल्या वर्षी मी पण हाच घोळ घातला होता आणि अर्धा तास कंपायलरला (आपला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) शिव्या घातल्या, त्या बिचाऱ्याने एरर दिलाच नव्हता कारण त्याच्या दृष्टीने स्लॅश आणि एन ही छापायची साधी दोन अक्षरं, छापली त्याने.

बॅकस्लॅश-एन मात्र दिसायला दोन असलं तरी कंपायलर त्याचं एकच कॅरेक्टर करतो, आस्कीमध्ये, म्हणजे अक्षरांना नंबर देणाऱ्या तक्त्यात, नंबर १०. आणि कोडमध्ये तू मारलेले एंटर? ते फक्त तुझ्या डोळ्यांसाठी. वरची हॅश-इन्क्लूडची ओळ सोडून बाकी सगळा प्रोग्राम एका ओळीत कोंबलास तरी आउटपुट तेच येईल. प्रिंटएफ स्वतःहून ओळ बदलत नाही, तू सांगितलंस तरच बदलतो. पुट्स वेगळा, तो शेवटी आपणहून नवी ओळ टाकतो, म्हणून नुसतं दुकानाचं नाव छापायचं असेल तर पुट्स वापर, सुटसुटीत पडतं. फक्त अवतरण चिन्हाच्या मधे एंटर मारू नको, तिथे मात्र एरर येतो. लांब मजकूर असेल तर दोन तुकडे कर, दोघांना आपापली अवतरणं दे, मधे स्वल्पविराम नको, कंपायलर ते आपणच जोडून घेतो.

आता बॅकस्लॅश-एन आधी लावायचा की शेवटी? पुष्कळ जण सुरुवातीला लावतात, मला ते पटत नाही. शेवटी लाव. लिनक्सच्या लॅबमध्ये शेवटच्या ओळीला नाही लावलास तर एकूण रकमेलाच टर्मिनलचा प्रॉम्प्ट (पुढच्या कमांडची वाट बघणारी खूण) येऊन चिकटतो, फार घाण दिसतं. आणि दुसरं म्हणजे टर्मिनलवर मजकूर सहसा बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, साठून राहतो आणि नवी ओळ आली की बाहेर पडतो. प्रोग्राम मधेच क्रॅश झाला तर आधीचा प्रिंटएफ चालूनही स्क्रीनवर काहीच दिसत नाही, मग आपण भलत्याच ओळीत चूक शोधत बसतो. नवी ओळ नकोच असेल आणि तरी लगेच दिसायला पाहिजे असेल तर एफफ्लश आहे.

ओळी सुटल्या की तुझं पुढचं दुखणं सुरू होणार ते आत्ताच सांगते: किमतीचे आकडे एकाखाली एक येणार नाहीत. सगळे बॅकस्लॅश-टी, म्हणजे टॅब, लावतात. टॅब बहुधा दर ८ घरांवर थांबतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये टॉवेल ५ अक्षरं, नॅपकिन ६, दोन डी घालून चादर ७, हे तिन्ही नीट बसतात. बेडशीट मोज, बरोब्बर ८! पहिला खण तिथेच भरला, टॅब उडी मारून थेट पुढच्या खणात, आणि त्या एका ओळीचा आकडा बाहेर लोंबतो. त्यापेक्षा नावाला टक्का, मायनस, १५, एस दे, म्हणजे १५ घरांत डावीकडून लागेल आणि किमतीला टक्का, ८ पॉइंट २, एफ, म्हणजे ८ घरं आणि पॉइंटनंतर २ आकडे. फक्त किंमत फ्लोट किंवा डबलमध्ये (दशांशाचे प्रकार) ठेव, इंटमध्ये (पूर्णांकाचा प्रकार) ठेवून एफ वापरलास तर काहीतरी भलतंच छापून येईल.

प्रश्न: ताई, आमचे लूम आहेत, कुठल्या लूमवर दिवसाला किती माल निघाला त्याची फाइल सी मधून काढतो. लिनक्सवर एकदम बरोबर दिसते, ऑफिसच्या जुन्या पीसीवर नोटपॅडमध्ये उघडली की सगळा हिशोब एकाच ओळीत. बॅकस्लॅश-एन दिलेलाय बे! — पूर्व भागातला एक वाचक

उत्तर: दिलेलाय ते बरोबरच आहे. जुना टाइपरायटर बघितला असशील, त्याचा दांडा ओढला की कागद एक ओळ वर सरकतो आणि कॅरेज परत सुरुवातीला येते. टेलिप्रिंटरवर या दोन कामांना दोन वेगळे कोड, १३ म्हणजे कॅरेज परत आण, १० म्हणजे कागद सरकव. तुझ्या लूमवर पण धोटा आडवा जातो ते वेगळं आणि कापड पुढे सरकतं ते वेगळं ना, तसंच. (उपमा जरा लंगडी आहे, धोटा परत येतानाही विणतो, कॅरेज मोकळीच येते.) युनिक्सने आणि त्याच वळणाच्या लिनक्सने एकटा १० ठेवला, डॉस आणि त्यामागून विंडोजने दोन्ही. जुन्या नोटपॅडला ही जोडीच लागायची, नुसता १० त्याला ओळखू यायचा नाही. २०१८ मध्ये विंडोज १० च्या नोटपॅडमध्ये ते सुधारलं, तुमचा पीसी त्याच्या आधीचा दिसतोय.

फाइल वर्डपॅडमध्ये उघड, लगेच दिसेल. नाहीतर तोच प्रोग्राम विंडोजवर कंपाइल करून चालव, तिथे टेक्स्ट मोडमध्ये १० लिहिला की त्याच्या आधी १३ आपोआप लागतो. तिथे बॅकस्लॅश-आर, म्हणजे तोच १३, हाताने घालत बसू नको, मग १३ दोनदा जातो आणि काही एडिटर मधे एकेक रिकामी ओळ दाखवतात.